समुद्रापलीकडचा शेजार

एकट्याने प्रवासाला निघालेल्या मनुष्याविषयी आपल्या समाजाची दोनच अनुमाने ठरलेली असतात: एक तर त्याला वैराग्य आले असले पाहिजे, किंवा त्याचे घरी भांडण झाले असले पाहिजे. गणपतीपुळ्यासारख्या गावी तर हे अधिकच खरे. आमच्याकडे बारा महिने यात्रेकरू येतात. पण ते येतात आजीपासून तान्ह्या मुलापर्यंत साऱ्या परिवारासह. एकटा मनुष्य उतरला, तर नारळाच्या दुकानातला पोरही त्याला दोनदा न्याहाळतो. अशा गावातून, मास्तरकी संपवून घरी बसलेला मी, एकटाच मॉरिशसला निघालो आहे ही वार्ता पसरली. तेव्हा “एकटेच?” हे मला इतक्यांनी विचारले, की “मॉरिशस कोठे आले?” असे विचारण्याचे कोणाला सुचलेच नाही.

वस्तुतः विचारण्याजोगा प्रश्न तोच होता. आमचा गणपती पश्चिमेकडे तोंड करून आहे. टेकडी हेच त्याचे रूप मानल्यामुळे प्रदक्षिणा घालावयाची ती साऱ्या टेकडीला. त्या वाटेवर उभे राहिले म्हणजे समोर पाण्याखेरीज काही दिसत नाही. पण तीच नजर थोडी डावीकडे, नैर्ऋत्येला वळवावी आणि मनाने सुमारे साडेचार हजार किलोमीटर जावे, म्हणजे विषुववृत्ताच्या पलीकडे हे बेट लागते. नकाशावर ते ठिपक्याएवढे आहे. वर्गात भिंतीवरचा नकाशा दाखविताना माझी छडी पुष्कळदा त्याच्यावरून गेली होती. तेथे स्वतः जाण्याचा योग मात्र निवृत्तीनंतर आला.

उष्ण कटिबंधातील बेट म्हटले की थंड देशांतील लोकांना नारळ, वाळू आणि निळे पाणी यांचे वेड लागते. कोकणातल्या माणसाची यात मोठी पंचाईत होते. नारळ आमच्या परसात, वाळू आमच्या पायाला आणि समुद्र आमच्या कानात. मग इतके पैसे खर्चून पाहावयाचे काय? पहिले दोन दिवस मी फरक शोधण्यातच घालविले. घड्याळ दीड तास मागे करावे लागले, हा एक. दुपारच्या वेळी सूर्य उत्तरेला कललेला दिसला, हा दुसरा. भूगोलात हे मी अनेक वर्षे शिकविले होते, परंतु स्वतःची सावली भर दुपारी दक्षिणेकडे पडलेली पाहून मी चारचौघांत थबकलो. तिसरा फरक समुद्राचा. आमचा समुद्र मोकळा आणि ओढीचा. अनोळखी माणसाने त्यात कंबरेपलीकडे जाऊ नये. तेथे प्रवाळाची भिंत बेटाभोवती बहुतेक सर्वत्र उभी आहे. लाटा दूर तिच्यावर फुटतात आणि किनाऱ्याशी पाणी तळ्यासारखे निवांत असते. त्याच्याजवळ बसून मला घरची फारच आठवण झाली.

तिसऱ्या दिवशी मात्र उसाच्या शेतांतून जाताना मला एक ओळखीची वस्तू भेटली. प्रत्येक शेतात मधोमध काळ्या दगडांच्या राशी होत्या, काही घराएवढ्या उंच. एक दगड उचलून पाहिला. आमच्या सड्यावरच्या जांभ्याच्या खाली जो काळा कातळ लागतो, त्याच जातीचा तो होता. भूशास्त्रज्ञांचे मत असे, की सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या खोल उष्ण स्रोतातून निघालेल्या लाव्ह्याने सह्याद्रीचे थर रचले, त्याच स्रोताने, आपली भूमी उत्तरेला सरकून गेल्यानंतर पुष्कळ काळाने, म्हणजे ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी, मॉरिशस उभारले. आज तो स्रोत शेजारच्या रीयुनियन बेटाखाली धगधगतो आहे. तेव्हा नाते होतेच. माणसे मागाहून आली.

ती कशी आली हे पोर्ट लुईच्या धक्क्यावरील आप्रवासी घाटाच्या दगडी पायऱ्या सांगतात. १८३५ साली या बेटावरील गुलामगिरी उठली. पण उसाला मजूर तर हवेच होते. १८३४ पासूनच हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर आणण्यास आरंभ झाला होता आणि १९२० पर्यंत सुमारे पाच लाख माणसे येथे उतरली. १८४२ च्या कायद्याने कलकत्ता आणि मद्रास यांबरोबर मुंबई बंदरातूनही या मजुरांना नेण्याची परवानगी मिळाली, आणि रत्नागिरीकडचा मराठी माणूस या वाटेला लागला. मजुरांना सांगितले जाई, की तेथे दगड उलटला म्हणजे खाली सोने सापडते, अशी आठवण अजून बेटावर सांगतात. त्यांनी दगड उलटले, उचलले, शेताच्या मध्यावर रचले. मोकळ्या झालेल्या जमिनीत ऊस आला. या राशी त्याच. २००६ साली आप्रवासी घाटाला जागतिक वारशाचा मान मिळाला. दगडांच्या राशी मात्र कोणी फलक न लावता शेतात उभ्या आहेत.

गणेशचतुर्थीला तेथे सार्वजनिक सुटी असते. मी ज्या घरी उतरलो होतो तेथील मालकिणीने सकाळीच विचारले, “तू सेल?” तेथील क्रिओल भाषेत याचा अर्थ “एकटाच?” असा. हा प्रश्न समुद्र ओलांडून माझ्या पाठोपाठ आलेला पाहून मला हसू आले. पण आमच्या गावात प्रश्न विचारून लोक थांबले होते. ही बाई मला हाताला धरून दोन गल्ल्यांपलीकडच्या मराठी कुटुंबात घेऊन गेली.

आमच्या गावात घरोघर गणपती आणण्याची चाल नाही. टेकडीचा गणपती तोच सर्वांचा. त्यामुळे मातीची मूर्ती मखरात बसलेली, तिच्यापुढे जास्वंद, आणि सुनेने वळलेले मोदक हा थाट मला माझ्याच गावात घरी कधी दिसला नव्हता. तो येथे दिसला. मुले आपसात क्रिओल बोलत होती. आरती सुरू झाली तेव्हा मात्र तीच मुले रामदासांची म्हणून आपण जी आरती म्हणतो ती अथपासून इतिपर्यंत म्हणाली. शब्दांचे उच्चार थोडे गोलाई आलेले, परंतु एक ओळ गळली नाही. मागाहून पुरुषांनी फेर धरून नाच केला. त्याला ते झाकरी म्हणतात. आमची जाखडी ती हीच.

जेवणानंतर घरातील वृद्ध गृहस्थांनी एक कागद आणला. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या मजुरांची दप्तरे जपून ठेवली आहेत, त्यांतील नोंदीची ती प्रत होती. क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण. जे नाव होते तेच पुढे या कुटुंबाचे आडनाव झाले. मूळचे आडनाव बंदरावरच राहिले. जिल्ह्याच्या रकान्यात रत्नागिरी स्पष्ट होते. गावाच्या रकान्यात इंग्रज कारकुनाने अक्षरे अशी ओढली होती, की मालगुंड वाचावे तर मालगुंड आणि मावळंगे वाचावे तर मावळंगे.

“पाहुणे, तुम्ही तिकडचे. आमचे गाव कोणते ते सांगा,” ते म्हणाले. सारे घर माझ्याकडे पाहू लागले.

मालगुंड आमच्या गावाला लागूनच आहे. मी ते नाव उच्चारले असते, तर त्या क्षणी ही सारी माणसे माझी शेजारी झाली असती, आणि सणाच्या दिवशी एवढे सुख देणे माझ्या जिभेवर होते. परंतु दीडशेहून अधिक वर्षे ज्यांनी एका शब्दाची वाट पाहिली, त्यांना खोटा शब्द देणे मला धीराचे वाटेना. मी म्हणालो, “काका, दोन गावे संभवतात. याहून अधिक सांगितले तर ती माझी कल्पना होईल.” ते जरा वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “तर दोन्हीकडे जाऊन या, आणि काय दिसले ते लिहा.”

परतल्यावर मी तसे केले. मालगुंडला लोक केशवसुतांचे घर पाहावयास जातात; मी आळीआळीने म्हाताऱ्यांना विचारीत हिंडलो. मावळंग्यासही गेलो. मॉरिशसचे नाव कोणाच्याही स्मरणात नव्हते. पण निराळ्याच गोष्टीकडे माझे लक्ष वेधले. घरोघर वंशावळीत कोणी तरी एक असा होताच, की जो मुंबईस गेला आणि परत आला नाही. त्याच्यापुढे काही लिहिलेले नाही. पटकीने मेला, गिरणीत राहिला, असे आपण धरून चालतो. कोकणाने ही रिकामी जागा इतकी अंगवळणी पाडून घेतली आहे, की तिच्या दुसऱ्या टोकाला कोणी असेल, तेथे आरती होत असेल आणि आपले गाव कोणते असे ते विचारीत असतील, हे आपल्या मनातही येत नाही. हरवलेले ते एकटेच नव्हेत. आपल्या बाजूनेही शोध थांबलेला आहे.

दोन्ही गावांतील अशा न परतलेल्या माणसांची नावे मी लिहून पाठविली आहेत. त्यांच्या पूर्वजाचे नाव त्यांत एकदा आले आहे. मात्र ते नाव कोकणात दर चार घरांआड सापडते, त्यामुळे त्याला पुरावा म्हणता येत नाही, हेही मी पत्रात लिहिले आहे.