उत्तरेची सावली

माझी सगळी नोकरी भूगोल शिकवण्यात गेली. सूर्याचं भासमान भ्रमण, कर्कवृत्त, मकरवृत्त, २१ जून आणि २२ डिसेंबर हे सगळं मी पुण्यातल्या शाळेच्या फळ्यावर इतक्यांदा काढलं होतं की आकृती काढताना पुस्तकाकडे बघावंही लागायचं नाही. निवृत्तीनंतर रत्नागिरीजवळच्या सासरच्या घरी राहायला आल्यावर याच बाईंनी सावलीतली बाग लावली ती घराच्या उत्तरेला, डिसेंबरात, 'इथे काय, बारमाही सावलीच असते' असं म्हणत.

डिसेंबरात ती जागा खरोखर थंडगार होती. भर दुपारीही घराची सावली पार गडग्याजवळ पोचायची. मी पीस लिली, कॅलाथिया, सिंगोनियम, ॲग्लोनेमा अशी सगळी नाजूक मंडळी ओळीने बसवली. पुण्याहून आलेल्या जावेला फिरवून दाखवली. ती म्हणाली, "तुझ्या हाताला गुण आहे हो!" मीही ते मान्य करून टाकलं.

रत्नागिरी साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या पंधरवड्यात इथे दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि तिथपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तो आपल्या उत्तरेला असतो. एप्रिलपासूनच घराची दुपारची सावली आखडत भिंतीशी येते. शिवाय मार्चअखेरीनंतर सूर्य उगवतो आणि मावळतो तोही उत्तरेकडे सरकून, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊनही त्याच वाफ्यावर. जून-जुलैत ढग असतात म्हणून झाडं वाचतात. एप्रिल-मेमध्ये वाचवायला कोणी नसतं. कॅलाथियाची पानं आधी कडेने तपकिरी झाली, मग चुरा होईपर्यंत वाळली. आठवीतल्या मुलाने परीक्षेत 'उत्तरेला कायम सावली' असं लिहिलं असतं तर मी त्याला शून्य दिलं असतं.

पण ही चूक निदान एका जागेपुरती होती. तिच्यावर मी जो उपाय केला, त्याने जास्त झाडं मेली. दुपारी पानं माना टाकताना दिसली की मी पाणी घालायची. सकाळी पाणी, दुपारी पाणी, संध्याकाळी पुन्हा नळी लावून पानांवर गार फवारा. पुण्यात हे चालून जायचं. तिथला एप्रिलचा वारा कोरडा; सकाळी भरलेली कुंडी संध्याकाळपर्यंत कोरडी ठणठणीत. रत्नागिरीत मे महिन्यात पारा ३३-३४ अंशांच्या आसपास, म्हणजे पुण्याहून कमीच. मी त्या आकड्यावर विसंबले. हवेतल्या दमटपणाचा विचारच केला नाही. दमट हवेत आपला घाम वाळत नाही, तसंच पानांचंही होतं: पानांतून वाफ बाहेर पडत नाही, त्यामुळे पान थंड होत नाही आणि मुळं मातीतून पाणीही कमी ओढतात. सावलीत तर आणखी कमी. माती ओलीच राहते, तिच्यातली हवा संपते, मुळं सडतात. आणि सडलेल्या मुळांना पाणी शोषता येत नाही म्हणून झाड तहानलेल्या झाडासारखंच मान टाकतं. मी त्या मेलेल्या मुळांवर आणखी पाणी ओतत होते.

शेजारच्या आगरवाल्या तात्यांनी गडग्यावरून हे बरेच दिवस बघितलं असावं. एकदा न राहवून म्हणाले, "वहिनी, झाडांना पाणी घालताय की भात लावणार आहात?" मला राग आला. पुस्तकं वाचून बाग करणाऱ्या माणसाला येतो तसा.

पुढे एका पीस लिलीच्या बुंध्याशी पांढरे तंतू दिसले आणि त्यांत मोहरीएवढे गोल तपकिरी दाणे. किडीची अंडी, असं मी ठरवलं आणि कडुनिंबाचं तेल फवारत बसले. ती बुरशी होती, स्क्लेरोशियम. उष्ण आणि ओलसर जमीन तिला फार मानवते. ते दाणे म्हणजे तिची पुढच्या हंगामाची शिदोरी. मातीत ते वर्षानुवर्षं टिकून राहतात. मेलेलं झाड भोवतालच्या मातीसकट उचलून बाहेर टाकायला हवं होतं. मी काटकसरी बाई, मी ते खताच्या खड्ड्यात टाकलं आणि तेच खत पावसाळ्याआधी सगळ्या वाफ्यांना घातलं. एका कोपऱ्यातला रोग मी स्वतःच्या हाताने, घमेल्या-घमेल्याने, सगळ्या परसात नेऊन पोचवला. या सगळ्या हकिगतीत मला अजून सर्वांत जास्त लाज वाटते ती याची.

आंब्याखालची गोष्ट थोडक्यात सांगते. उत्तरेची बाजू गेली म्हणून मी आंब्याच्या गर्द सावलीत शिरले. जमिनीत पहार लागत नव्हती, कारण वर सगळं मुळांचं जाळं. ती मुळं तोडून खड्डे केले, वर बाहेरून आणलेली माती बुंध्यापर्यंत वीतभर चढवली. आंब्याची अन्न घेणारी बारीक मुळं बरीचशी वरच्या थरात असतात. त्यांतली काही मी तोडली, काही गाडली. आंब्याने पानं गाळायला सुरुवात केली तेव्हा नवरा पहिल्यांदाच बागेच्या विषयात बोलला. त्याच्या आजोबांनी लावलेलं झाड होतं. माती उपसून बुंधा मोकळा केला, झाड सावरलं. तिथेच वर पंचाहत्तर टक्क्यांची हिरवी जाळीही मी ताणली होती, चारही बाजूंनी खाली बांधून, नीटनेटकी. सावलीवर सावली, आणि वाऱ्याला यायला वाट नाही. जाळीच्या आत शिरलं की माझ्याच चष्म्यावर वाफ धरायची, तरी माझ्या लक्षात येईना.

उटीहून आणलेल्या फुशियाबद्दल काही सांगण्यासारखं नाही. ज्या झाडाला रात्री थंडावा लागतो ते कोकणातल्या पंचवीस-सव्वीस अंशांच्या रात्रीत जगत नाही. भुईचाफ्याचे कंद मात्र मी विनाकारण घालवले. थंडीत पानं वाळून गेली म्हणून मेला समजून उकरून फेकले. तो फक्त झोपला होता.

तात्यांच्या आगरात मी नीट बघत हिंडले ते हे सगळं झाल्यावर. तोवर माझ्या मनात आगर म्हणजे उत्पन्न आणि बाग म्हणजे हौस अशी दोन वेगळी खाती होती. माडाखाली आणि पोफळीखाली तिथे काय नव्हतं! पोफळीवर चढलेली मिरी, जायफळ, हळद, पाटाच्या कडेने अळू, आणि दगडांच्या फटीत कोणीही न लावलेले नेचे. भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राने माडाच्या बागेत मसाल्याची पिकं घेण्याची जी 'लाखी बाग' लोकप्रिय केली, तिचंही तत्त्व हेच. दोन माडांत साडेसात मीटर अंतर ठेवलं की झावळ्यांतून ऊन गाळून खाली येतं आणि खोडांमधून वारा वाहत राहतो. दमट उष्म्यातली सावलीची बाग कशी करावी हे मी परदेशी पुस्तकांत शोधत होते, आणि गडग्यापलीकडे ती दोन-तीन पिढ्या उभी होती.

मग मी बरंच मोडलं आणि थोडंच नव्याने केलं. जाळी काढली. आंब्याच्या अगदी खालच्या काही फांद्या उतरवल्या, तेव्हा कुठे खाली वारा जाणवला. रोपं सपाट जमिनीत लावणं बंद केलं. जांभ्याचे तुकडे, नारळाची सोडणं आणि पालापाचोळा घालून उंच गादीवाफे केले, म्हणजे तीन हजार मिलिमीटरच्या पावसातही पाणी थांबत नाही. पाणी फक्त सकाळी, मातीत बोट खुपसून बघितल्यावर, आणि बुंध्याशी. आंब्याच्या मुळांत आता एकही खड्डा नाही, तिथे कुंड्या आहेत. कॅलाथियाही तिथेच एका कुंडीत आहे आणि बरी आहे. जमिनीत सोनटक्का, पेवा, हळद, अळू, नेचे, कडेला जिथे सकाळचं ऊन लागतं तिथे अबोली, आणि आंब्यावर तात्यांनी दिलेला मिरीचा वेल.

सगळं साधलं असं मुळीच नाही. पावसाळ्यात मोठाल्या आफ्रिकन गोगलगायी रात्रीतून अळू फस्त करतात. टॉर्च घेऊन त्या वेचणं, मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकणं, हाच एक भरवशाचा उपाय मला सापडला आहे. तो किळसवाणा आहे. जानेवारीत अर्धे वाफे ओकेबोके दिसतात, कारण हळद आणि पेवा जमिनीखाली गेलेले असतात. पाहुणे विचारतात, "इथे काही लावलं नाही का?" तिथे आता मी काठ्या रोवून ठेवते, स्वतःच्याच कुदळीपासून कंद वाचवायला. आणि बुरशीचे ते मोहरीचे दाणे अजूनही कुठल्या ना कुठल्या वाफ्यात दिसतात. दिसले की झाड मातीसकट उचलायचं, एवढंच.

तुम्ही कोकणात किंवा मुंबई-ठाण्याच्या घामट हवेत सावलीची बाग करणार असाल, तर हिवाळ्यात जागा ठरवू नका. मे महिन्यात एखाद्या निरभ्र दिवशी सकाळी नऊला, दुपारी बाराला आणि चारला बाहेर या आणि जमिनीवर ऊन जिथवर पोचतं तिथे चुन्याची रेघ मारा. तिन्ही रेघांच्या आत जे उरेल तीच तुमची सावली. रोपं मृगाचा पाऊस पडल्यावर आणा, आणि शेजारी कुणाचं आगर असेल तर नर्सरीत जाण्याआधी तिथे जा.