पाळी सुटल्यावरची जपमाळ

निघोजे गावाजवळून इंद्रायणी वाहते आणि सभोवती चाकणचे कारखाने उभे आहेत. श्रीरामपूर-राहुरीकडून पोटापाण्यासाठी आलेली आपली काही कुटुंबे येथे भाड्याच्या खोल्यांत राहतात. २०२० च्या टाळेबंदीनंतर ती रविवारच्या मिस्सेला दिसेनाशी झाली. ‘श्रद्धा आटली’ असे म्हणून आम्ही मोकळे झालो.

एका संध्याकाळी आम्ही चौघे त्यांच्या दारी गेलो. एक तरुण कामावर निघण्याच्या तयारीत होता. तो म्हणाला, “काका, रात्रपाळी करून येतो, तेव्हा मिस्सेच्या वेळी डोळा लागलेला असतो.” भिंतीवर हरेगावच्या मतमाउलीची तसबीर होती. आम्ही खजील झालो.

प्रेषितांच्या काळी भाकर घरोघरी मोडली जाई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६४ साली कुटुंबाला घरातील ख्रिस्तसभा म्हटले. हे आम्ही पाठ केले होते, आचरले नव्हते. आता दर बुधवारी, पाळी सुटल्यावर, एकेका खोलीत जपमाळ आणि शुभवर्तमानाचे वाचन होते. आरंभी पाच जण होते. आज खोली अपुरी पडते. सुटीच्या रविवारी तोच तरुण वेदीपाशी वाचन करतो.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामातील अशी किती दारे आपण अजून ठोठावलेली नाहीत?