खाडीकडे पाठ

आमच्या बाणकोट खाडीकाठच्या जुन्या घरांनी पाण्याकडे पाठच फिरवलेली असते. ओटा, पुढची पडवी, तुळस वाटेच्या बाजूला. खाडीकडे मागीलदार आणि भांडी घासायची जागा. शहरातून आलेल्याला नवल वाटतं. पण पावसाळ्यात वारा खाडीच्या मुखातून आत घुसतो आणि खारा ओलावा भिंतींवर आपटतो, तेव्हा दीड वितीची खिडकीसुद्धा जास्त वाटते.

3 जून 2020 ला दुपारी 'निसर्ग' वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने चढलं. आमच्या घरावर परसातला फणस आडवा झाला, आढं मोडलं, मातीची भिंत बसली. शेजारच्या घराचे पत्रे तर अखंडच्या अखंड उडून शेतात पडले.

थोरला भाऊ म्हणाला, "आता स्लॅबच टाकू." आई त्र्याहत्तरची, विरारला यायला तयार नव्हती आणि स्लॅबलाही. "त्या वरच्या आळीतला स्लॅब बघ. पंधरा वर्सांत सळया फुगल्या, पोपडे पडतात. खाडीची रेती वापरलीन." तिला क्लोराइड हा शब्द ठाऊक नव्हता, पण मिठाने लोखंडाचं काय होतं ते तिने होडीच्या खिळ्यांवर पाहिलं होतं.

नकाशा केला पुण्यात वास्तुकला शिकलेल्या पुतणीने. सीआरझेडच्या नियमांमुळे पाण्याकाठी जुन्या जोत्याच्या मापाबाहेर जाता येत नव्हतं. चला, निदान त्या कागदांमुळे भावाचा दुसरा मजला तरी टळला! पहिले दोन दिवस तिने रेघ ओढलीच नाही. आजीला घेऊन नुसती फिरली. उधाणाचं पाणी कुठवर येतं, भांगाचं कुठवर, 2005 च्या जुलैत कितव्या पायरीला लागलं होतं. त्यावरून जोतं पावणेदोन फुटांनी उचललं.

भिंती जांभ्याच्या, गिलावा न करता. खाणीतून काढलेला चिरा मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. म्हणून आधी तो महिनाभर रचून ठेवला. छप्पर उतरतं, मंगलोरी कौलांचं, वळचण तीन फूट बाहेर. कौलं दर वर्षी परतायला आता माणूस मिळत नाही, म्हणून खाली दुसरा थर घातला. वरचं कौल फुटलं तरी आईच्या अंथरुणावर थेंब नको. पडलेल्या फणसाची दारं झाली.

भांडण झालं ते खिडकीवरून. पुतणीला खाडीकडे मोठी काच हवी होती. आई म्हणाली, "पानी काय बघायचा? बघून पोट भरतं?" मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "भाटी उघडी पडली का, तेवढं दिसलं पायजे. कालवं काढायला कवा जायचं ते कळतं." तर खिडकी झाली, पण जमिनीपासून जेमतेम फूटभर उंचीवर. उभ्या माणसाला तिच्यातून काहीच धड दिसत नाही. मुंबईचे पाहुणे वाकून बघतात नि गवंडी चुकला म्हणतात. आई पाटावर बसून तांदूळ निवडते, तेव्हा तिला पायरीपासून पलीकडच्या कांदळापर्यंत सगळं दिसतं.

गजांना तिने सुक्या बांगड्यांची माळ अडकवलीय. पुतणीने फोटो काढताना ती काढायला सांगितली, आईने ऐकलं नाही. आता मी फोन केला की पाणी कितव्या पायरीला आहे ते आधी सांगते, गुडघ्याचं नंतर.