चाच्यांच्या बंदरी

आमच्या कुपवाडला समुद्र नाही. येथे कारखान्यांचे भोंगे ऐकू येतात. लाटांचा आवाज ऐकायचा तर घाट उतरून कोकणात जावे लागते. तरीही गेले वर्षभर आमच्या घरात समुद्र उसळत होता. आमचे चिरंजीव संगणकावर एक खेळ खेळतात. त्यात दिवसभर जहाजे लुटायची आणि रात्री चाच्यांच्या एका गुप्त बंदरात परतायचे, असा उद्योग असतो. एकदा त्यांनी विचारले, "बाबा, आपल्याकडे होतं का हो असं बंदर?"

"इंग्रज म्हणत, होतं म्हणून," मी म्हणालो. "चल, दाखवतो."

नाताळच्या सुट्टीत आम्ही निघालो. कोल्हापूर, गगनबावडा, घाट उतरून वैभववाडी, तळेरे, आणि मग विजयदुर्ग. वाघोटन खाडीच्या मुखाशी, तीन बाजूंनी समुद्र आणि एकात एक तीन तट. इंग्रज त्याला घेरिया म्हणत. २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या बारा मराठा किल्ल्यांत हाही आहे.

तटावर बसून मी वर्गातल्यासारखा सुरू झालो. सरखेल कान्होजी आंग्रे या किनाऱ्याचे धनी. त्यांच्या पाण्यातून जायचे तर त्यांचा दस्तक घ्यावा. न घेणाऱ्याचे जहाज धरले जाई. इंग्रजांनी याला चाचेगिरी म्हटले. पण पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून असाच परवाना देत आणि तो नसलेली जहाजे पकडत. त्याला मात्र राज्यकारभार म्हणायचे! इंग्रजांनी १७१७ साली या किल्ल्यावर हल्ला केला, १७२० साली तर तरता तोफखाना आणला. दोन्ही वेळा हात हलवत परत गेले.

चिरंजीव खूश झाले. "मग हा पडला कसा?"

येथे माझा आवाज जरा खाली आला. कान्होजींचे पुत्र तुळाजी पेशव्यांचा अधिकार मानीनात. म्हणून पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. फेब्रुवारी १७५६ मध्ये समुद्रातून वॉटसन आणि क्लाइव्ह आले, जमिनीवरून पेशव्यांची फौज आली. बोलणी करायला गेलेले तुळाजी पेशव्यांच्या छावणीत अडकले. इकडे इंग्रजांचा एक गोळा एका जहाजावर पडला, आग पसरत गेली आणि पाहता पाहता आंग्र्यांचे आरमार जळून गेले. किल्ला पुढे मराठ्यांना मिळाला, इंग्रजांनी मोबदल्यात बाणकोट घेतले. मराठ्यांचे आरमार त्यानंतरही होते, पण आंग्र्यांची ती जरब पुन्हा आली नाही. तुळाजी कैदेतच वारले. आणि पुढच्याच वर्षी क्लाइव्ह व वॉटसन बंगालमध्ये होते. त्या वर्षी प्लासी झाली.

मुलगा बराच वेळ खाडीकडे पाहत राहिला. मीही गप्प बसलो.

परतीच्या वाटेवर घाट चढताना तो एकाएकी म्हणाला, "बाबा, इंग्रजांच्या लेखी ते चाचे होते, हे कळलं. पण आपल्या लेखी तुळाजी कोण होते?"

इतकी वर्षे शब्दांचे अर्थ सांगून मी पगार घेतो. गगनबावडा आले, चहा झाला, कोल्हापूर मागे पडले. कुपवाडचे दिवे दिसू लागले, तरी त्या एका प्रश्नाला शब्द काही सापडला नाही.