उणे पाण्यातली मासोळी

कर्जत म्हटले की बहुतेकांना रायगडातले कर्जत आठवते: धबधबे, भाताची खाचरे आणि मुंबईची लोकल. आमचे कर्जत ते नव्हे. आमचे कर्जत अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, ज्वारीच्या, काळविटांच्या आणि पाण्याच्या टँकरच्या मुलखात आहे. अशा गावी मराठी शिकवण्यात हयात घालवणाऱ्या आम्हा तिघा अध्यापकांचा मासेमारीशी संबंध केवळ वाक्प्रचारांपुरता होता. गळ घालणे, गळाला लागणे, आमिष दाखवणे, पाण्यात राहून माशाशी वैर करणे. यांचा वाक्यात उपयोग आम्ही शेकडो विद्यार्थ्यांकडून करून घेतला आहे. गळ मात्र आमच्यापैकी एकानेही कधी हातात धरला नव्हता.

तो धरण्याची बुद्धी आम्हाला 'मानसोल्लासा'ने दिली, हे सांगितले तर हसू येईल. कल्याणीच्या चालुक्यवंशातल्या तिसऱ्या सोमेश्वराचा हा संस्कृत ग्रंथ भाषेच्या इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत हटकून येतो. इ. स. ११२९ चा सुमार, त्यातल्या मराठी ओळी आणि महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात हा उल्लेख, एवढे लिहिले की टिपेचे गुण मिळतात. त्याच ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण आहे आणि माशांच्या जाती, त्यांना चारायचे गोळे, गळ, दोरी यांची त्यात पद्धतशीर माहिती आहे, हे मात्र आम्हाला वयाच्या पंचेचाळिशीत कळले. पाच शतकांनंतर, १६५३ साली, आयझॅक वॉल्टनने 'द कम्प्लीट अँगलर' लिहिला आणि गळ टाकून बसणे हा चिंतनशील माणसाचा विरंगुळा ठरवला. इंग्रजांनी पुढे माशांतही कुळे पाडली. साल्मन आणि ट्राउट तेवढे खानदानी. गोड्या पाण्यातले उरलेले सारे भरड. आमच्या वाट्याला अर्थातच भरडच येणार होते.

२०२४ च्या फेब्रुवारीत आमच्यातल्या संतसाहित्य शिकवणाऱ्या मित्राच्या बदलीची कुणकुण लागली. जाण्याआधी एकदा तरी मत्स्यविनोद करू, अशी त्याने आम्हाला गळ घातली. (हा वाक्प्रचार त्या दिवशी प्रथमच जागच्या जागी बसला.) एका रविवारी पहाटे आम्ही दोन मोटारसायकलींवर निघालो. राशीनला चहा घेतला. तिथून पुढे खेडच्या बाजूला उतरू लागले की मुलूखच बदलतो. उपटून आडव्या टाकलेल्या ज्वारीच्या ओळी संपतात, ऊस सुरू होतो, आणि मग समोर भीमेवरच्या उजनी धरणाचे फुगवट्याचे पाणी दिसते.

त्या दिवशी ते पाणी फार लांब गेले होते. २०२३ च्या पावसाळ्यात धरण भरलेच नव्हते, आणि जानेवारीत साठा 'उणे' झाला होता. उजनीचे हिशेब विलक्षण असतात. धरणात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते, त्यातले ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा म्हणून मोजले जाते. पाणी त्या रेषेखाली गेले की रोज वर्तमानपत्रात उणे टक्के छापून येतात. शून्याखाली आणखी एवढे पाणी असते आणि त्याला मृत म्हणतात, हे आम्हा भाषेच्या माणसांना नेहमीच खटकत आले आहे. त्या मृत पाण्याकाठी पाणकावळे पंख वाळवत होते. पलीकडे भिगवणच्या अंगाला होड्यांतून हौशी लोक रोहित पक्ष्यांची छायाचित्रे टिपत असावेत.

भेगाळलेल्या गाळातून चालत आम्ही काठाशी पोचलो. बांबूच्या काठ्या, तंगूस, शिशाचे मणी आणि गळ आदल्या दिवशी बाजारातून आणले होते. तरंगायला काय बांधावे हे मात्र कोणालाच सुचले नव्हते. तेथे जाळे निवडत बसलेल्या एका वृद्ध मच्छीमाराने, ज्यांना आम्ही लगेच तात्या म्हणू लागलो, आमची सामग्री निरखली आणि काही न बोलता ज्वारीच्या वाळक्या ताटाच्या तीन कांड्या कापून दिल्या. गांडुळांऐवजी कणीक लावा, चिलापी कणकेला येते, हेही त्यांनीच सांगितले.

चिलापी म्हणजे तिलापिया. मूळ आफ्रिकेतला हा मासा १९५२ साली भारतात आणला गेला. हेमिंग्वेचा म्हातारा कोळी पुस्तकरूपाने अवतरला तेही १९५२ सालीच, हे आम्ही तात्यांना सांगण्याच्या बेतात होतो, वेळीच आवरले. राहू, कटला यांना अंडी घालायला पुराचे वाहते पाणी लागते. चिलापीचे तसे नाही. तिची मादी अंडी आपल्या तोंडातच उबवते आणि पिल्लेही काही काळ तोंडातच सांभाळते. साचलेल्या पाण्यात तिचा वंश वाढला यात नवल नाही.

तास दीड तास काही झाले नाही. मग तात्या बोलू लागले. समोर दूर, पाण्याच्या कडेला, दगडांची एक ओळ उघडी पडली होती. ती त्यांच्या विहिरीची कड. धरण झाले तेव्हा ते जवान होते. वावर पाण्यात गेले, आणि शेती करणाऱ्याने जाळे हाती घेतले. "पानी हटलं की ईर दिसती," ते म्हणाले, "आन् ईर दिसली की समजायचं, औंदा मासळीबी जायाची." पाणी आटते तेव्हा त्यांना आपली जमीन दिसते आणि पोट दिसेनासे होते. आम्ही यावर काय बोलणार? आमच्यातला एकजण ग्रामीण साहित्य शिकवतो. तोही गप्प राहिला.

तेवढ्यात संतसाहित्यवाल्या मित्राची कांडी बुडाली. त्याने घाबरून असा हिसका दिला की मासा हवेतून येऊन थेट त्याच्या पायाशी पडला. तळहाताएवढी चिलापी. ती गाळावर उडू लागली, आपटू लागली. कल्ले उघडमीट करीत होते, अंगाला माती माखत होती. मित्र खाली वाकला आणि तसाच राहिला. तुकोबांची पाण्यावेगळी झालेली मासोळी त्याने वीस वर्षे शिकवली होती. विरहाची आर्तता, दृष्टान्ताची समर्पकता, परीक्षेत संदर्भासह स्पष्टीकरण. तळमळ हा शब्द तो वर्गात फार सुंदर उच्चारतो. इथे त्या शब्दाला एक आवाज होता, ओल्या कापडाचा फटका बसावा तसा, आणि तो थांबत नव्हता.

"सोडून देऊ," तो म्हणाला. पण गळ खोल गिळला होता. त्याच्या थरथरत्या बोटांनी तो निघेना. काट्यांनी बोटे रक्ताळली. अखेर तात्यांनी एक काडी तोंडात सारून गळ मागे ढकलला आणि हलकेच फिरवून काढला. मित्राने मासोळी ओंजळीत धरून पाण्यात सोडली. ती क्षणभर सरळ झाली, मग आडवी झाली, आणि पांढऱ्या पोटाने तरंगू लागली.

तात्या गुडघाभर पाण्यात गेले, तिला उचलले आणि आपल्या पाटीत टाकले.

"सोडायचीच व्हती सर, तर धरली कशापायी?"

त्यात उपरोध नव्हता. त्यांना खरोखरच ठाऊक करून घ्यायचे होते. सोमेश्वराजवळ याचे उत्तर असेल, वॉल्टनजवळही असेल. दोघांनाही विनोद परवडत होता. आम्ही काठ्या गुंडाळल्या. कांड्यांचे पैसे देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत. दोन किलो चिलापी मात्र आम्ही त्यांच्याकडून विकत घेतली, आणि ती निवडताना तिघांपैकी कोणीही पाटीत नीट पाहिले नाही.

पुढच्याच आठवड्यात मित्राचा त्या अभंगावर तास होता. नेहमीचे विवेचन बाजूला ठेवून त्याने विचारले की मासा पाण्याबाहेर तळमळताना कोणी पाहिला आहे का. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग भीमाकाठच्या गावातून एसटीने येणारी एक मुलगी उठली. ती पहाटे घरच्यांबरोबर मासे निवडून मग कॉलेजला येते, हे आम्हाला तोवर माहीत नव्हते. तिच्या पहिल्या तासाच्या गैरहजेऱ्या तेवढ्या माहीत होत्या.

"सर, राहू लवकर शांत होतो," ती म्हणाली. "चिलापी लई वेळ तळमळती. वाम तर आमी घरी आणतो तवाबी जिवंत असती."

मित्राने ते फळ्यावर लिहिले. पहिल्या तासाला आम्ही तिचे नाव आता थोडे उशिरा पुकारू लागलो.