कंपनीचं कार्ड जमा करण्याआधी

प्रिय दादा,



तुझी नोकरी आणखी दोन वर्षांची. गावच्या घराचा स्लॅब, ग्रॅच्युइटी, नर्मदा परिक्रमा असे सगळे बेत आत्तापासून चालू आहेत, असं वहिनी सांगत होती. मेडिक्लेमचं नाव मात्र कुणी काढत नाही. मी काढलं की तू म्हणतोस, "कंपनीचं आहे ना!" आहे, पण नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंतच. सातपूरच्या गेटवर ओळखपत्र जमा करशील त्या दिवशी तेही संपेल. माझी सगळी नोकरी विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर गेली. तेव्हा धाकट्या बहिणीचं नाही, तर त्या टेबलावरच्या बाईचं म्हणून तरी ऐक.

सांगायचं ते एवढंच आहे : स्वतःची पॉलिसी नोकरी चालू असतानाच घे. निवृत्तीनंतर मिळणार नाही असं नाही. नव्या पॉलिसीसाठीची ६५ वर्षांची जुनी अट एप्रिल २०२४ पासून उरलेली नाही. अडचण वेटिंग पिरियडची आहे. नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, गुडघ्याची वाटी यांना बहुतेक ठिकाणी दोन वर्षं थांबावं लागतं. आधीपासूनच्या आजारांना, म्हणजे तुझ्या शुगरला आणि वहिनीच्या बीपीला, जास्तीत जास्त तीन वर्षं. तुमच्या ग्रुप पॉलिसीत जुने आजार पहिल्या दिवसापासून धरलेले आहेत, म्हणून हे थांबणं तुला कधी जाणवलंच नाही. ५८ व्या वर्षी पॉलिसी घेतलीस, तर शुगरपायी उद्भवलेल्या दुखण्याचं बिल ६१ पर्यंत तुझ्या खिशातून जाईल. आज घेतलीस, तर त्यातली दोन वर्षं कंपनीच्या छत्राखाली निघून जातील.

आता घ्यायचं काय? पाच लाखांची साधी पॉलिसी आणि तिच्यावर सुपर टॉप-अप. नुसती मोठी पॉलिसी या वयात महाग पडते. सुपर टॉप-अप त्या मानाने स्वस्त, कारण ठरलेली रक्कम ओलांडल्याशिवाय तो पैसे देत नाही. त्या रकमेला डिडक्टिबल म्हणतात. ती कुठूनही भर : तुझ्या पॉलिसीतून, कंपनीच्या पॉलिसीतून किंवा खिशातून.

एजंट 'टॉप-अप' म्हणाला, तर तो साधा की सुपर हे विचारून घे. समज, डिडक्टिबल पाच लाख आहे. जूनमध्ये चार लाखांचं बिल झालं, डिसेंबरमध्ये तीन लाखांचं. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं मोजतो. एकही पाचाच्या वर गेलं नाही, म्हणून तो काहीच देत नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज धरतो. सात लाख झाले, पाच पहिल्या पॉलिसीने दिले, वरचे दोन तो देतो. 'सुपर' या शब्दाची किंमत इथे दोन लाख रुपये आहे.

हॉस्पिटल कॅश, क्रिटिकल इलनेस वगैरे जे सुचवतील ते नंतर. आधी हे दोन.

पॉलिसी हातात आली की जाड अक्षरातली पानं बाजूला ठेव आणि दोन गोष्टी शोध. पहिली, खोलीभाड्याची मर्यादा. पाच लाखांवर एक टक्का, म्हणजे रोज पाच हजार, असं लिहिलेलं असेल आणि तू आठ हजारांची खोली घेतलीस, तर फक्त वरचे तीन हजार तुझे, असं होत नाही. सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळं त्याच प्रमाणात कापतात. असा खर्च दोन लाखांचा असला, तर सव्वा लाख मिळतात. डिस्चार्जच्या दिवशी हॉस्पिटलच्या काउंटरवर होणारी निम्मी भांडणं या एका ओळीची असतात. दुसरी गोष्ट को-पे. २० टक्के असेल, तर तीन लाखांच्या बिलात साठ हजार तुझे. वाचायला ३० दिवस मिळतात. नाही पटली, तर त्या मुदतीत परत कर.

फॉर्म भरताना शुगर लपवू नकोस. "बॉर्डरलाइन आहे साहेब, लिहिलं की हप्ता वाढतो," असं सांगणारा कुणीतरी भेटेलच. हप्ता वाढू दे. सलग ६० महिने पॉलिसी चालली, की माहिती दिली नाही या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, हे खरं. पण फसवणूक सिद्ध झाली तर ते संरक्षण नाही. आणि हार्ट अटॅक पाच वर्षं वाट बघेलच, असं नाही. जुन्या केसपेपरवर 'के/सी/ओ डीएम', म्हणजे डायबेटिस आधीपासून आहे, असं डॉक्टर लिहून ठेवतात, आणि क्लेम तपासणारा सगळ्यात आधी तेच पान उघडतो. मीही तेच उघडत असे.

तू म्हणशील, चिन्मयच्या कंपनीच्या पॉलिसीत आम्ही दोघं आहोत. आहात, तो तिथे आहे तोवर. त्याने नोकरी बदलली किंवा कंपनीने आईवडिलांचं कव्हर काढलं, तर तुझ्या साठीत नव्याने रांगेत उभं राहावं लागेल. सरकारी योजनाही हाताशी असू दे. महात्मा फुले योजना आता राज्यातल्या सगळ्या शिधापत्रिकाधारक कुटुंबांना आहे, वर्षाला पाच लाखांपर्यंत. पण ठरावीक उपचार आणि योजनेतली रुग्णालयं एवढ्यापुरतीच. आणि ७० व त्यापुढच्या वयाच्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न विचारता आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं. आईचं अजून काढलेलं नाही, ते या आठवड्यात काढ.

हप्त्याचं म्हणशील, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. आधी १८ टक्के होता. साठीनंतर वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचं असेल, तर कंपनीला आधी विमा नियामकाशी बोलावं लागतं. तरी वयाबरोबर हप्ता चढणारच. ग्रॅच्युइटीतली एक रक्कम त्यासाठी वेगळी एफडी करून ठेव, स्लॅबला हात लावायच्या आधी. एकदा हप्ता चुकून पॉलिसी बंद पडली, की साठवलेला सगळा वेटिंग पिरियड गेला.

निवृत्तीआधी एचआरला आणखी एक विचार : ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का? तसं करता येतं आणि आधीची वर्षं मोजली जातात. मात्र अर्ज ओळखपत्र जमा करण्याआधी द्यायचा. कंपनी तब्येत नव्याने तपासू शकते, म्हणून केवळ यावर विसंबू नकोस.

तेव्हा दादा, या महिन्यात फॉर्म भर, आणि वहिनीला शेजारी बसवून भर. पॉलिसी नंबर, क्लेम हाताळणाऱ्या टीपीएचा फोन, कॅशलेस हॉस्पिटलांची यादी हे सगळं तिच्या मोबाईलमध्ये असलं पाहिजे. क्लेमची वेळ येईल तेव्हा तू कॉटवर असशील आणि खिडकीशी तीच उभी असेल.

तुझी,
छोटी