वादळाची वार्ता आणि नदीकाठची गावे

गोमंतक म्हटले, की इंदूर, बडोदे वा ग्वाल्हेरला पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे कळंगुटची वाळू, मंगेशीची दीपमाळ आणि मांडवीवरचा पूल उभा राहतो. उत्तरेकडील पेडणे व डिचोली हे दोन तालुके मात्र प्रवाशाच्या वाटेत सहसा येत नाहीत. सिंधुदुर्गाला खेटून असलेली ही भूमी दीर्घकाळ सावंतवाडीकरांच्या अमलाखाली होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ती पोर्तुगिजांकडे गेली, म्हणून तिची गणना 'नव्या काबिजादीं'त होते. घरातली बोली कोकणी आणि देवळातले भजन मराठी, असा येथला संसार आहे.

अध्यापनाच्या निमित्ताने या दोन तालुक्यांत आमचे जाणेयेणे पुष्कळ झाले. त्यात एक गोष्ट मनावर ठसली, ती ही की येथल्या माणसाला पाण्याचा हिशेब सतत ठेवावा लागतो. उत्तरेस तेरेखोल, मध्ये शापोरा, दक्षिणेस मांडवी आणि साखळीच्या कुशीतून वाहणारी वाळवंटी; शिवाय पश्चिमेस साक्षात सिंधुसागर.

तेरेखोलचेच पाहा. हे गाव पेडणे तालुक्यातले, पण नदीच्या पलीकडे, महाराष्ट्राच्या अंगाला. केरीच्या धक्क्यावरून फेरीबोटीने तेथे जावे लागते. समुद्र खवळला आणि फेरी थांबली, की आरोंद्याकडून परराज्यातला वळसा घेण्यावाचून गत्यंतर नाही. भूगोलाच्या पुस्तकात हे बेट नव्हे. वादळाच्या दिवशी मात्र त्याचे बेटच होते.

केरी, हरमल, मांद्रे, मोरजी या किनाऱ्यावरच्या वृद्ध मच्छीमारांच्या तोंडी अद्याप 'बावटा' हा शब्द आहे. बंदरावर चढणाऱ्या धोक्याच्या खुणांना एक ते अकरा असे क्रमांक असतात आणि 'तीन नंबरचा बावटा लागला' एवढे ऐकले, की होड्या वाळूवर ओढल्या जात. आपल्या देशात बंदरांना वादळाची सूचना देण्याची व्यवस्था १८६५ साली कलकत्त्यास सुरू झाली. भारतीय हवामान खाते स्थापन झाले ते १८७५ मध्ये. बावट्याची मर्यादा एकच, की तो बंदरावरून दिसेल त्यालाच दिसे. नोव्हेंबर २००९ च्या 'फयान' वादळात कोकणपट्टीवरील अनेक मच्छीमार भर समुद्रात सापडले आणि कित्येक परत आलेच नाहीत. वार्ता असणे वेगळे आणि ती योग्य माणसाला योग्य वेळी पोहोचणे वेगळे.

आता हाच बावटा ज्याच्या त्याच्या खिशात आला आहे. हवामान खात्याचे 'मौसम', राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे 'सचेत' आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे, विजेची पूर्वसूचना देणारे 'दामिनी' ही तिन्ही ॲप विनामूल्य आहेत. त्यांतली रंगांची भाषा शाळकरी मुलालाही समजते. हिरवा म्हणजे निश्चिंत असा, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारी करा, तांबडा म्हणजे कृती करा. पावसाचे म्हणाल, तर चोवीस तासांत साधारण ११५ ते २०४ मिलिमीटर पावसाचा अंदाज असेल तर नारिंगी आणि त्याहून अधिक असेल तर तांबडा. चक्रीवादळाची सूचनाही टप्प्याटप्प्याने येते : सुमारे ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी सावधगिरीची, २४ तास आधी प्रत्यक्ष इशाऱ्याची. याचा अर्थ असा, की घाबरून जाण्यापूर्वी विचार करण्यास दोन-तीन दिवस मिळतात.

हे दिवस कसे वापरावेत, हा खरा प्रश्न होय. नकाशावर वादळाच्या वाटेभोवती सुपासारखा रुंदावत जाणारा एक पट्टा काढलेला असतो. अनेकजण त्याला वादळाचा आकार समजतात. वस्तुतः वादळाचा मध्य या पट्ट्यात कोठेही असू शकेल, एवढेच तो सांगतो. आणि पट्ट्याबाहेर धोका नाही, असे तर तो मुळीच सांगत नाही. १६ मे २०२१ रोजी 'तौक्ते' वादळ गोव्याच्या किनाऱ्याला न टेकता समुद्रातूनच उत्तरेकडे गेले आणि दुसऱ्या रात्री गुजरातेत आदळले. तरीही गोव्यात शेकडो झाडे उन्मळली, विजेचे खांब आडवे झाले आणि माणसेही दगावली.

किनाऱ्यावरचा माणूस निदान समुद्र पाहतो. शापोऱ्याच्या काठाने वर गेले, की इब्रामपूर, हणखणे आणि डिचोली तालुक्यातले, शिमग्यातल्या गड्यांसाठी प्रसिद्ध असलेले साळ ही गावे लागतात. समुद्र येथून दृष्टीस पडत नाही, पण समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीवर कोसळतात आणि ते पाणी याच नदीने खाली येते. ऑगस्ट २०१९ मध्ये अतिवृष्टी झाली, दोडामार्गातील तिळारी धरणातून पाणी सोडण्यात आले आणि नदी या गावांत शिरली. २३ जुलै २०२१ च्या पुरातही सत्तरी, डिचोली, पेडण्यात घरांची मोठी पडझड झाली, आणि तेव्हा तर चक्रीवादळही नव्हते. माथ्यावर ऊन असताना पाणी वाढू शकते, हे या गावांनी सोसून शिकलेले ज्ञान आहे. म्हणून येथे केवळ आपल्या गावाचा रंग पाहून भागत नाही; घाटमाथ्याचा रंग, धरणाच्या विसर्गाची सूचना आणि भरतीची वेळ या तिन्ही गोष्टी एकत्र वाचाव्या लागतात. भरतीच्या वेळी समुद्र नदीचे पाणी आत घेत नाही आणि काठ अधिक बुडतो.

आमच्या पाहण्यातल्या एका शाळेत पावसाळ्याच्या दिवसांत फळ्यावर सुविचाराच्या खाली त्या दिवसाचा रंग लिहितात. सकाळी एक विद्यार्थी ॲप पाहून तो सांगतो आणि मुले घरी जाऊन आजीला सांगतात. नारिंगी असेल त्या दिवशी गुरे नदीकाठच्या मळ्यात बांधायची नाहीत, एवढा अर्थ आजीने स्वतःच लावलेला असतो. ज्ञान घरात उतरते ते असे.

डिचोलीच्या दक्षिण टोकाला नार्वे आहे. दिवाडी बेटावरचे सप्तकोटेश्वराचे मूळ देवालय पोर्तुगीज राजवटीत उद्ध्वस्त झाल्यावर देव नदी ओलांडून येथे आला आणि शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये या मंदिराचा जीर्णोद्धार करविला. आजही नार्व्याच्या धक्क्यावरून फेरीबोट दिवाडीस जाते. बेटावरील गृहस्थाला वादळाचा खरा अर्थ विचाराल, तर तो वाऱ्याचा वेग सांगणार नाही. फेरी केव्हा थांबेल, ते सांगेल. रोजचे औषध संपत आले असेल, घरात गर्भवती असेल, तर निर्णय फेरी थांबण्यापूर्वी व्हायला हवा. फेरी थांबल्यावर पाहिलेला तांबडा रंग त्याच्या कामाचा नाही. पिवळा असतानाच ज्याने औषध आणून ठेवले, त्याची रात्र स्वस्थ जाते.

या साधनांची मर्यादाही ध्यानी घेतली पाहिजे. झाडे पडली, की वीज जाते आणि पाठोपाठ दूरध्वनीचे जाळेही. यास्तव सूचना कागदावर उतरवून ठेवावी, फोन आधीच भरून ठेवावा, घरात विजेऱ्यांवर चालणारा रेडिओ असावा, आणि तातडीचा ११२ व जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे दोन क्रमांक भिंतीवर लिहावेत. दिवसातून दोन-तीन ठराविक वेळी अधिकृत सूचना पाहणे पुरेसे असते. वादळ जवळ आल्यावर ती दर तीन तासांनी नव्याने निघते. मधल्या वेळी घटकाघटकेला पडदा चाळल्याने माहिती वाढत नाही, धडधड तेवढी वाढते.

वाचकहो, येथे आपलाही संबंध येतो. आपल्यापैकी अनेकांचे आईवडील, काका-मावशी अशा काठांवर एकटे राहतात. दूरदर्शनवर लाटा दिसल्या, की आपण तासाला चार वेळा फोन करतो आणि कोठल्यातरी देशातील जुनी चित्रफीत पुढे धाडतो. त्या वृद्ध माणसाच्या फोनची उरलीसुरली शक्ती आपल्याच काळजीत खर्च होते. त्यापेक्षा 'सचेत' आपल्या फोनवर घ्यावे, त्यात गावाचे ठिकाण नोंदवावे आणि रंग पिवळा असतानाच एकदा शांतपणे विचारावे : औषध किती दिवसांचे आहे? पाणी चढलेच, तर कोणाच्या घरी जाणार? शेजारी कोण सोबतीला आहे? उत्तरे लिहून घ्यावीत, पुढच्या फोनची वेळ ठरवावी आणि त्या वेळेपर्यंत त्यांना त्यांची तयारी करू द्यावी.